थोडं आणि थोडंच

बारकी नावापुरतीच बारकी होती. लहानपणी काडीसारखी होती म्हणून आईनं हाक मारायला घेतलेलं ते नाव चिकटलं ते चिकटलंच. आता ती चाळिशीला टेकलेली, चांगल्या आडव्या बांध्याची बाई; पण वृद्धाश्रमात मॅडमपासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांना ती बारकीच. नऊ वर्षं ती तिथं सकाळपाळीला सेविका होती. खालच्या मजल्यावरच्या पाच ते पंधरा नंबरच्या अकरा खाटा तिच्याकडे. त्या अकरा माणसांचं हगणं-मुतणं, थुंकी, कफ, ओकारी, जखमांतला पू, सगळं तिनं उपसलं होतं, आणि हात धुऊन तासाभरानं त्याच हातानं जेवलीही होती. डबा खाताना तिनं कामाच्या गोष्टी काढल्या की बाकीच्या बायका "शी, गप गं" म्हणून पाठ फिरवायच्या. हिच्या नाकाची शीरसुद्धा हलायची नाही.

"घाणीची कसली आलीय किळस?" ती म्हणायची. "घाण धुतली की जाते."

एका सोमवारी मॅडमनी सगळ्या सेविकांना ऑफिसात बोलावलं. मॅडम म्हणजे आश्रमाच्या व्यवस्थापिका. कपड्याला कधी सुरकुती नाही, बोलणं लोण्यासारखं. त्यांच्या टेबलावर नेहमी एक सुगंधी फवारा असे आणि वॉर्डातून कुणी आत आलं की त्या आधी तो हवेत मारत, मग बोलत.

"उद्यापासून रोजचं रजिस्टर इंग्रजीत," मॅडम म्हणाल्या. "निम्म्याच्या वर लोकांची मुलं बाहेरच्या देशात आहेत. दर शनिवारी पानांचे फोटो त्यांना जाणार. काय खाल्लं, किती प्यायले, झोप, शौच, त्वचा. चार ओळी. जमेल ना?"

जमेल का विचारलं तरी ते विचारणं नव्हतं. दुपारपाळीच्या चष्मेवालीनं पहिल्याच दिवशी युक्ती काढली. कुठल्याशा कागदावरून तिनं एक वाक्य उतरवून घेतलं, 'टुडे इज फाइन', आणि अकराच्या अकरा पानांवर तेच गिरवून ती मोकळी झाली. बारकीला मात्र ते पटेना. शाळेत दहावीला तिला इंग्रजीत काठावर, तेही कुणाच्या तरी दयेनं पास केलं होतं. पण लिहायचं तर झालं तेच लिहायचं, असा तिचा हट्ट. शब्द आठवून, मोबाइलला विचारून ती एकेक ओळ उभी करी.

तिसऱ्या दिवशी रजिस्टर चुकून नऊ नंबरच्या खाटेजवळ राहिलं. नऊ नंबरला मास्तर होते. छत्तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले, एक्याऐंशी वर्षांचे. डावं अंग लुळं पडलेलं, पण तोंड दोन माणसांचं. मास्तरांना सगळ्याची किळस येई. गादीवरच्या प्लॅस्टिकच्या वासाची, शेजारच्या खाटेवरून येणाऱ्या खाकरण्याची, एकच टॉवेल दोघांना वापरण्याची, पाण्यात भाजी पोहणाऱ्या सुपाची. बारकी पाण्याची बादली घेऊन आली तर ते रजिस्टर उजव्या हातात लांब धरून बसले होते, पांघरुणात पाल सापडावी तसं तोंड करून.

"'ही एट मेनी सूप.' हे कुणी लिहिलं?"

"मी."

"शी! शी शी शी! अगं, वाचून मळमळलं मला. सूप मोजता येतं का?"

"येतं की. दोन वाट्या."

"वाट्या मोजल्यास. सूप मोज."

बारकीनं टॉवेल पिळता पिळता विचार केला. "नाही येत."

"मग मेनी कसं लिहितेस, गाढवे? एक, दोन, तीन करता येतं, त्याला मेनी. जे ओततं, सांडतं, पसरतं, त्याला मच. तेही असं सरळ वाक्यात नाही शोभत, पण ते राहू दे. आधी एवढं कर. टॉवेल?"

"मेनी."

"पाणी?"

"मच."

"साबण?"

"मेनी. दोन आहेत ना, एक तुमचा, एक..."

"मच! इंग्रजाला साबण मोजता येत नाही. त्याला वडी मोजता येते."

"असं कसं? साबण ढळढळीत दिसतोय."

"त्याला जाऊन विचार. मी फक्त शिकवतो."

त्या दिवसापासून अंघोळीची वेळ म्हणजे शिकवणीची वेळ झाली. बारकी पाठ चोळायची आणि मास्तर तपासायचे. केस? डोक्यावर असले तर मच. "आणि सुपात सापडला तर?" "मग मोजायचा. अ हेअर. दोन सापडले तर टू हेअर्स." बारकी हसली. "म्हणजे जागेवर आहेत तोवर मोजायचं नाही, घाण झाली की मोजायचं होय?" मास्तरांनाही हसू आलं; लुळ्या बाजूनं लाळ गळली, ती तिनं पुसली. सल्ला, म्हणजे ॲडव्हाइस, मोजता येत नाही, असं त्यांनी सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आपल्याकडंही नाही येत, मास्तर. एवढे देतात लोक."

महिन्याभरात तिच्या रजिस्टरची भाषा सुधारली. एके सकाळी मास्तरांनी पाण्याचा ग्लास मागून घेतला, तळाशी दोन घोट ठेवून बाकीचं बादलीत ओतलं आणि ग्लास तिच्यासमोर धरला.

"किती आहे?"

"थोडं आहे."

"थोडं आहे, का थोडंच आहे?"

"दोन्ही एकच ना?"

"एकच? उन्हातून आलीस आणि मी म्हटलं, बस, थोडं पाणी आहे, तर बसशील. थोडंच आहे म्हटलं तर उठून दुसरं घर बघशील. आपण 'च' लावतो. इंग्रज 'अ' काढतो. अ लिटल वॉटर म्हणजे आहे बापडं, चालेल. नुसतं लिटल वॉटर म्हणजे नसल्यात जमा. मोजायच्या वस्तूंना तसंच, अ फ्यू आणि फ्यू. कळलं? एका अक्षरात माणूस जगतो किंवा मरतो."

"मरतो काय, काहीतरीच."

"लिही दहा वेळा."

तिनं वहीच्या मागच्या पानावर दहा वेळा लिहिलं. मास्तरांनी नऊ बरोबर दिले आणि दहाव्यावर फुली मारली, अक्षर वाकडं म्हणून.

पुढच्या आठवड्यात मॅडमनी परत सगळ्यांना बोलावलं. फवारा मारला.

"डायपरचा वापर फार होतोय," त्या म्हणाल्या. "आजपासून माणशी दिवसाला दोन. सकाळी एक, संध्याकाळी एक."

"मॅडम, काहींना पाच लागतात," बारकी म्हणाली.

"म्हणून तर उपाय सांगते. खाटेजवळचे पाण्याचे जग उचलायचे. पाणी जेवणाबरोबर, आणि चारनंतर बंद. आत जाईल तेवढंच बाहेर येणार ना?" मॅडम गोड हसल्या. "आणि रजिस्टरमध्ये पाण्यापुढं सगळ्यांना 'अ लिटल' लिहा. एकसारखं दिसतं."

ऑफिसातून बाहेर आल्यावरही तो फवाऱ्याचा गोड वास बारकीच्या घशात बसून राहिला; दोनदा चूळ भरली तरी जाईना.

जग गोळा होऊन कपाटात गेले, कपाटाला कुलूप लागलं. दुसऱ्या दिवसापासून वॉर्डात वेगळाच वास यायला लागला. घाणीचा वास बारकीला ओळखीचा होता. हा मुरलेल्या, सुकलेल्या मुताचा होता, डोळ्यांना झोंबणारा. एकाच डायपरमध्ये सोळा तास राहिलेल्या मांड्या सोलून निघू लागल्या. चष्मेवाली नाकाला ओढणी बांधून फिरे आणि चार वाजता संध्याकाळच्या जेवणाची ताटं उचलली की एकाही खाटेकडं फिरकत नसे.

"ताई, आपल्याला काय करायचंय?" ती म्हणायची. "सांगितलंय तसं वागायचं. नोकरी आहे."

बारकी मास्तरांना आपल्या बाटलीतून पाणी पाजायची. तिच्या पाळीत जमेल तेवढं. मास्तर मागत, ओरडत, त्यामुळं ते विसरायची सोय नव्हती. रजिस्टरमध्येही त्यांच्या पानावर ती खरं तेच लिही: काल दुपारनंतर लिटल वॉटर. लघवी लिटल, गडद. पाठीवर फ्यू रॅशेस, मग अ फ्यू सोअर्स, मग मेनी. तपासायला खुद्द मास्तर होते. खोटं लिहायची बिशाद नव्हती. बाकीच्या दहा पानांवर ती मॅडमनी सांगितलं तसं लिहून टाकी. हातात वेळ कमी असे.

असे तीन आठवडे गेले. मग तिच्या बहिणीचं पोटाचं ऑपरेशन निघालं आणि बारकी चार दिवस रजेवर गेली.

पाचव्या दिवशी सकाळी ती वॉर्डाच्या दारातच थबकली. वास अंगावर आला. चौदा नंबरची खाट रिकामी होती. तिथल्या आजी परवा गेल्या, असं झाडूवाल्यानं सांगितलं. बारकी सरळ मास्तरांकडं गेली. ते भिंतीकडं तोंड करून पडले होते. ओठांना पांढरी खपली धरली होती, जीभ चामड्याच्या तुकड्यासारखी. तिनं कुशीवर वळवायला हात घातला तर चादर पाठीबरोबर उचलली गेली. पाण्यानं भिजवून भिजवून ती सोडवावी लागली. कमरेच्या खाली, माकडहाडावर वाटीच्या तळाएवढी जखम, कडा काळ्या, आत पिवळा पू, आणि त्यावर माश्या.

पुवाची तिला किळस आली नाही. तिनं जखम धुतली, पट्टी बांधली, चमच्याचमच्यानं पाणी पाजलं. मास्तरांनी डोळे उघडले, पण ओरडले नाहीत. त्याचीच तिला भीती वाटली.

मग तिनं रजिस्टर उघडलं. चार दिवसांत चष्मेवालीनं काय लिहिलंय ते बघायला. 'टुडे इज फाइन' होतंच. पण मागची पानं चाळताना तिचा हात थांबला. तिची स्वतःची ओळ होती, काळ्या पेनानं, उजवीकडं झुकलेल्या अक्षरात: ही ड्रँक लिटल वॉटर. आणि ड्रँक आणि लिटलच्या मधल्या फटीत एक 'अ' उभा होता. निळा. गोल, ताठ, टापटीप.

तिनं मागचं पान बघितलं. तिथंही. त्याच्या मागं. तिथंही. जिथं जिथं तिनं लिटल लिहिलं होतं तिथं तिथं निळा 'अ' येऊन बसला होता, जसा काही तो पहिल्यापासूनच घरचा. 'मेनी सोअर्स' वर पांढरा रंग फासून त्यावर लिहिलं होतं, 'सम रेडनेस'. जखमा मोजता येतात. लाली मोजता येत नाही. एवढं तर तिला आता कळत होतं.

तिला खरोखरच ओकारी आली. मोरीपर्यंत पोचायच्या आत ती बादलीत ओकली. नऊ वर्षांत पहिल्यांदा. शेजारच्या खाटेवरचे काका म्हणाले, "काय गं, दिवस गेले की काय?" ती तोंड पुसून तशीच ऑफिसात गेली.

मॅडमनी फवारा उचलला.

"तो नंतर मारा," बारकी म्हणाली आणि रजिस्टर टेबलावर उघडं टाकलं. "हे कुणी केलं?"

मॅडमनी पान बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर काहीसुद्धा हललं नाही. "चूक सुधारली. 'अ' राहिला होता तुझा. सगळ्याच बायका विसरतात."

"राहिला नव्हता. मी लिहिलाच नव्हता."

"तुला इंग्रजी कधीपासून यायला लागलं?"

"यायला लागलंय. थोडंच प्यायले ते. तुम्ही थोडं केलंत."

"एका अक्षरानं काय होतं, बारकी?" मॅडमचा आवाज तसाच, लोण्यासारखा. "मी इंग्रजी शाळेत शिकलेय. तू मला व्याकरण सांगणार? त्यांचा मुलगा हजारो मैलांवर. नुसतं लिटल वाचून तो रात्रंदिवस घोर लावून घेणार. आपण माणसाला सुखानं झोपू देऊ नये का? जा, काम कर."

मॅडमच्या नखांना पारदर्शक रंग होता. पेन निळं होतं. बारकीला वाटलं, आत्ता या टेबलावर एखादी भरलेली बेडपॅन उलटी केली तरी टेबल आत्तापेक्षा स्वच्छच होईल. ती रजिस्टर उचलून मास्तरांकडं आली आणि पानं त्यांच्या डोळ्यांसमोर धरली.

मास्तरांचे डोळे ओळीओळीवरून फिरले. मग त्यांच्या चेहऱ्यावर ते जुनं, पाल सापडल्याचं तोंड उमटलं.

"हा 'अ' तुझा नाही," ते म्हणाले. आवाज फाटलेला.

"नाही."

"घाणेरडी बाई. व्याकरण बरोबर आहे गं. तेच तर. एकही चूक नाही काढता येणार." ते दमले. तिनं दोन चमचे पाणी पाजलं. "आता लिटल-बिटल सोड. मोज. आकडा लिही. आकड्याला 'अ' चिकटत नाही."

औषधाच्या बाटलीबरोबर आलेला, रेघा मारलेला एक मापाचा कप होता. बारकीनं तो खिशात टाकला. त्या दिवसापासून मास्तरांच्या पानावर तिनं विशेषणच लिहिलं नाही. आदल्या संध्याकाळपासून सकाळपर्यंत पाणी: शून्य. सकाळी: एकशे चाळीस मिलिलिटर. जखमा: पाच, एक मोठी, रुंदी सहा सेंटिमीटर. प्रत्येक पानाचा तिनं आपल्या मोबाइलवर फोटो काढला. बरं केलं, कारण शनिवारी सकाळी तिनं रजिस्टर उघडलं तर मास्तरांची गेल्या तीन दिवसांची पानं मुळापासून फाडलेली होती.

रविवारी दुपारी बारा वाजता मास्तरांच्या मुलाचा फोन यायचा. परदेशात दातांचा डॉक्टर होता. आश्रमाचा मोबाइल सेविकेनं धरायचा, पण कॅमेरा फक्त चेहऱ्यावर ठेवायचा, स्वतः बोलायचं नाही, असा नियम. त्या दिवशी मास्तर डोळे उघडेनात. बारकीनं मोबाइल आपल्या तोंडासमोर धरला.

"साहेब, मी यांची सेविका. तुमच्या वडिलांची तब्येत वाईट आहे. ते पाणी थोडंच पितायत. दिलंच जात नाही."

"पण दर शनिवारी रजिस्टरचे फोटो येतात ना मला," मुलगा म्हणाला. मागं कुठं तरी नळ वाहत होता. "अ लिटल वॉटर लिहिलेलं असतं. म्हणजे पितायत थोडं."

"साहेब, तो 'अ' माझा नाही."

"काय?"

"मी लिटल लिहिलं होतं. 'अ' मागून घातलाय. मला मास्तरांनीच शिकवलंय, लिटल आणि अ लिटल. तुम्हालाही शिकवलं असेल."

नळ बंद झाला. मुलगा म्हणाला, "याच्यावरून थोबाडीत खाल्लीय मी त्यांची. सातवीत असताना." आणि मग वेगळ्याच आवाजात, "कॅमेरा फिरव. पाठ दाखव."

तिनं दाखवली. तेवढ्यात दारातून मॅडम आल्या आणि त्यांनी मोबाइल तिच्या हातातून काढून घेतला. "चार्जिंग संपत आलंय हं, मग करते," असं स्क्रीनकडं बघून हसत म्हणाल्या आणि फोन बंद केला.

दोन तासांत, मुलानं फोन केल्यावरून, मास्तरांची पुतणी आली. त्याच शहरात राहणारी, पोस्टाच्या खिडकीवर काम करणारी बाई. सणावारी तेवढी काकांना भेटून जाणारी. येताना धापा टाकत होती. तिनं पांघरूण उचललं, बारकीनं पट्टी सोडली, आणि पुतणी तोंडावर हात दाबून मोरीकडं पळाली. परत आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. मॅडम समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "वयाप्रमाणे होतं असं. त्वचा नाजूक झालेली असते."

"थांबा," पुतणी म्हणाली. "तुमच्याशी बोलायच्या आधी तोंड धुणार होते. आता बोलून झाल्यावरच धुते." आणि तिथंच उभं राहून तिनं रुग्णवाहिकेला फोन लावला.

मास्तर स्ट्रेचरवरून गेले आणि संध्याकाळी बारकीची नोकरी गेली. चष्मेवालीनं तिचा डबा आणि चपला फाटकापर्यंत आणून दिल्या. "कशाला केलंस, ताई?" एवढंच म्हणाली.

मास्तर वाचले. तीन आठवडे इस्पितळात काढून ते पुतणीच्या घरी गेले. बारकी भेटायला गेली तेव्हा ते हडकले होते, धड बसताही येत नव्हतं; पण उशीखालून इस्पितळाचा कागद काढून त्यांनी तिला दाखवला. "बघ, 'ॲडव्हाइसेस' लिहिलंय. एस लावलाय. डॉक्टर आहे हा!" त्यांचं तोंड पाहून पुतणी आणि बारकी दोघी हसल्या.

मुलानं तक्रार केली होती. त्यामुळं एका सकाळी बारकीला सरकारी कचेरीत बोलावणं आलं. तपासणीचं काम एका साध्याशा, कापडी बूट घातलेल्या बाईंकडं होतं. टेबलावर आश्रमाचं रजिस्टर होतं आणि शेजारी बारकीच्या मोबाइलमधल्या फोटोंच्या छापलेल्या प्रती. बाईंनी भिंग लावून निळे 'अ' मोजले. एक्केचाळीस निघाले.

"हे चांगलं पकडलंत," त्या म्हणाल्या. "नऊ नंबरचं सगळं स्पष्ट आहे. आता बाकीच्यांचं बघू." त्यांनी पानं उलटली. "दहा नंबर, अ लिटल वॉटर. अकरा, अ लिटल. बारा, अ लिटल. तेरा, चौदा... इथंही 'अ' आहे. पण हा काळा आहे."

बारकीनं पान आपल्याकडं ओढून बघितलं.

"हे अक्षर कुणाचं?"

"माझं."

"मग ही माणसं व्यवस्थित पाणी पीत होती?"

खिडकीबाहेर कुणीतरी गाडी चालू करायचा प्रयत्न करत होतं; ती दोनदा घरघरली आणि बंद पडली. बारकीला आपल्या तोंडात तो फवाऱ्याचा वास आला. इथं फवारा नव्हता. तिनं मॅडमच्या नखांचा, निळ्या पेनाचा इतके दिवस तिटकारा केला होता आणि त्या सगळ्या काळात तिचं काळं पेन रोज सकाळी दहा वेळा तेच लिहीत होतं. कुणी पांढरा रंग फासला नव्हता, कुणी मागून काही घुसडलं नव्हतं. मास्तर तपासत म्हणून त्यांचं खरं लिहिलं. बाकीच्यांपैकी कुणी मागत नव्हतं, ओरडत नव्हतं. चौदा नंबरच्या आजींना तर बोलताच येत नव्हतं; त्या नुसत्या ओठ हलवत, आणि ती पुढं जाई.

"नव्हती," ती म्हणाली. "कुणीच नव्हतं पीत. मला सांगितलं होतं तसं लिहायला, आणि मी लिहिलं. लिहा तुम्ही हे."

"तुमच्यावरही येईल मग."

"येऊ दे."

मग तिनं आठवेल तसं खाटेखाटेचं सांगितलं. कुणाला दुपारी घोटभर, कुणाला तेही नाही, कुणाची लघवी कशी होती, कुणाच्या मांड्या कधीपासून सोलल्या होत्या. दीड तास लागला. बाई लिहीत होत्या. शेवटी बारकीनं सही केली.

मॅडमना काढून टाकण्यात आलं. वृद्धाश्रमाला खालचा मजला बंद करायला लावला. तिथली माणसं दुसरीकडं हलवली. बारकीला चौकशीत ताकीद मिळाली आणि वर्षभर अशा कामावर बंदी. ती एका कँटीनमध्ये भांडी घासायला लागली. तिथल्या बायका खरकट्याला नाकं मुरडत. ती निमूट घासत राही.

पावसाळा सरत आला होता तेव्हा एका रविवारी तिच्या दारात अनोळखी बाई आली. पन्नाशीची, हातात जुनी पर्स. चौदा नंबरच्या आजींची मुलगी. बारकीनं तिला खुर्चीवर बसवलं आणि चहा ठेवला, कारण दुसरं काय करायचं ते तिला सुचेना. कप समोर ठेवला. बाईनं पर्स मांडीवर घट्ट धरली होती.

"मी तिकडं नसायचे," ती म्हणाली. "दर शनिवारी फोटो यायचा. मी वाचायचे आणि बरं वाटायचं. तपासणीवाल्या बाईंकडून तुमचा पत्ता घेतला. मला एकच विचारायचंय. आई शेवटी पाणी पीत होती का?"

बारकी तिच्यासमोर उभीच होती. काहीही सांगता आलं असतं. आजी गेल्या होत्या. खोट्यानं कुणाचंच काही बिघडणार नव्हतं, उलट या बाईला झोप लागली असती.

"थोडंच," बारकी म्हणाली. "त्या मागू शकत नव्हत्या. मला दिसत होतं. मी दिलं नाही, आणि दिल्यासारखं लिहिलं."

बाईनं तिच्याकडं बघितलं. ओरडली नाही, रडली नाही. वरपासून खालपर्यंत बघितलं, जसं वाटेत काहीतरी पडलेलं दिसावं आणि त्यावर पाय पडायच्या आत पाय मागं घ्यावा. मग उठली, पदर सावरून, खुर्चीलाही धक्का लागणार नाही अशी बाजूनं निघाली आणि दार न ओढता जिना उतरून गेली.

चहाला हातही लावला नव्हता. त्यावर सुरकुतलेली साय धरली होती. बारकीला सायीनं लहानपणापासून मळमळत असे. तिच्या कपात कुणी चुकून ठेवली तर ती कप दूर सारी. ती खाली टेकली. मग तिनं तो कप दोन्ही हातांनी उचलला आणि गार झालेला चहा सायीसकट, न थांबता, पिऊन टाकला.